चित्र पाहताना माणूस दिसावा



गेल्या महिन्यात आपल्या धर्मग्राम परिषदेच्या सभेत युवक मंडळाने एक सूचना मांडली. चर्चच्या सभागृहात दोन दिवसांचे चित्रप्रदर्शन भरवावे. उमरोळीतले आणि आसपासच्या पाड्यांवरचे चित्रकार, शाळेतली मुले, भरतकाम करणाऱ्या आपल्या भगिनी, कपाटात गावाचे जुने फोटो जपून ठेवलेले ज्येष्ठ, अशा सगळ्यांना बोलवावे. ख्रिस्ती असोत वा नसोत. सूचना ऐकून काहींनी माना डोलावल्या. तिघांनी मात्र प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न होता पैशांचा. "फादर, एवढ्या खर्चात चार मुलांची फी भरता येईल." दुसरा श्रद्धेचा. "वारली चित्रे लावायची म्हणजे त्यात त्यांचे देवही येणार. ते आपल्या सभागृहात कसे चालेल?" तिसरा प्रश्न एका ज्येष्ठ सभासदांनी अगदी शांतपणे विचारला. "लोक येतील, बघतील, चहा पितील आणि निघून जातील. अशाने गाव एकत्र येते, असे तुम्हाला खरेच वाटते का?"

त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. पुढच्या सभेत बघू, असे म्हणून प्रार्थना घेतली आणि सभा संपवली. पण तो तिसरा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. सेमिनरीत असताना सौंदर्य म्हणजे काय, यावर आम्ही पाने भरभरून उत्तरे लिहिली होती. त्या उत्तरांचा उमरोळीत काही उपयोग आहे का, हे तपासण्याची वेळ आता आली. तो विचार आज आपल्यापुढे मांडत आहोत.

आधी आपण कशामुळे दूर जातो ते पाहू. आपला हा पट्टा डोळ्यांपुढे आणा. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे बोईसर-तारापूरची एमआयडीसी वाढली. पोटापाण्यासाठी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशापासून केरळपर्यंतची माणसे इथे आली. २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल धावू लागली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, बुलेट ट्रेन, वाढवण बंदर, अशी एकामागून एक कामे आली आणि प्रत्येक वेळी कोणाच्या ना कोणाच्या शेतात मोजणी झाली. सूर्या धरणाचे पाणी इथल्या शेतीला किती आणि शहरांना किती, हा वाद तर आपण वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. जमीन, पाणी, नोकरी या सगळ्यांचा एकच स्वभाव आहे. एकाला मिळाले की दुसऱ्याचे तेवढे कमी होते. त्यामुळे शेजारी दिसला की मनात हिशेब सुरू होतो. हा हिशेब करणारे लोक वाईट आहेत असे नव्हे. त्या वस्तूच तशा आहेत.

आता दुसरे उदाहरण घ्या. सातपाटीच्या किंवा केळव्याच्या किनाऱ्यावर सूर्य मावळताना आपण उभे आहोत. शेजारी कोणी अनोळखी माणूस उभा आहे. त्याने तो सूर्यास्त डोळे भरून पाहिला म्हणून आपल्या वाट्याचा काही कमी झाला का? उलट आपणच त्याला म्हणतो, "बघा हो, काय रंग आहेत!" संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हाच भेद नेमका पकडला होता. चांगली वस्तू मिळाली की इच्छा शांत होते. सुंदर वस्तू नुसती पाहिली तरी मन शांत होते. शेजाऱ्याच्या झाडावरचा आंबा हवासा वाटतो, तेव्हा आपले डोळे फळावर असतात आणि हात कुंपणावर. त्याच झाडाला मोहोर आला असताना आपण रस्त्यात थांबून पाहतो, तेव्हा हात मागे असतात.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९० च्या आपल्या ग्रंथात आणखी एक गोष्ट दाखवून दिली. "मला सुके बोंबील आवडतात," असे आपण म्हणतो तेव्हा दुसऱ्याला ते आवडलेच पाहिजेत असा आपला आग्रह नसतो. आवड ज्याची त्याची. पण "हे सुंदर आहे," असे म्हणताना मात्र आपण एकट्यापुरते बोलत नसतो. समोरच्यानेही ते पाहावे, त्यालाही तसेच वाटावे, अशी त्या वाक्यात हाक असते. म्हणून सुंदर काही दिसले की मूल पहिल्यांदा आईचा पदर ओढते. "आई, बघ ना!" हा पदर ओढणे हेच, आम्हाला वाटते, प्रदर्शनाचे मूळ आहे. ज्या जागी कोणी कोणाचे काही घेत नाही आणि प्रत्येकजण शेजाऱ्याला "बघ ना" म्हणतो, अशी जागा गावात असणे ही लहान गोष्ट नाही.

इथपर्यंत आमचे सेमिनरीतले उत्तर बरोबर होते. पण ते पुरे नव्हते. ते का, हे आम्हाला आपल्याच आवारात कळले.

सणाच्या आधी चर्चच्या आवारातले गवत काढायला जवळच्या पाड्यावरची एक मावशी येते. आम्ही या धर्मग्रामात आल्यापासून येते. तिची मजुरी, चहा, नाताळला तांदूळ आणि साडी, यात आमच्याकडून कधी चूक झाली नाही, असे आम्ही अभिमानाने सांगितले असते. सभेनंतरच्या आठवड्यात ती कामाला आली तेव्हा युवक मंडळाच्या मुलांनी सभागृहाच्या भिंती मोजायला घेतल्या होत्या. तिने विचारले, काय चालले आहे. आम्ही सांगितले. ती हसून म्हणाली, "मला पण बोलवत्यात चौक लिवायला."

आम्ही गप्प झालो. इतकी वर्षे ही बाई आमच्या दारात येते. तिच्या पाड्यावर लग्न निघाले की चौक लिहायला तिला मानाने बोलावतात, आणि आम्हाला त्याचा पत्ता नाही! आम्ही तिला देत होतो. तिच्याजवळ देण्यासारखे काही आहे, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.

वारली समाजाचा लग्नचौक आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. शेणामातीने सारवलेली, गेरूने लाल केलेली कुडाची भिंत. तांदळाच्या पिठाचे पांढरे पाणी आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस होतो. मध्ये चौकोन, त्यात पालघट देवी आणि भोवती झाडे, जनावरे, नाचणारी माणसे. हे काम सवाशिणींचे. त्या एकत्र बसून चौक लिहितात, धवलेरी गाणी म्हणते आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे चित्र आधी काढायचे, मग लोकांना पाहायला बोलवायचे, असा हा प्रकारच नाही. लोक जमतात तेव्हा चित्र होते आणि चित्र होते म्हणून लोक जमतात. कोणत्याही गॅलरीच्या कितीतरी आधी या पाड्यांना हे ठाऊक होते.

या कलेचा पुढचा प्रवासही आपल्याला माहीत असायला हवा, कारण तो आपल्याच जिल्ह्यातला आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणूकडच्या पाड्यांवर फिरले. त्याआधी दुष्काळाच्या काळात बिहारमधल्या मिथिलेत त्यांनी तिथल्या स्त्रियांना भिंतीवरची चित्रे कागदावर काढायला प्रोत्साहन दिले होते. इकडच्या स्त्रिया मात्र कागदावर काढायला बिचकत होत्या, असे सांगतात. पुढे आले ते गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणे सोडले होते आणि ते मातीत बोटाने रेघा ओढत बसत. या माणसाने जाळे, मुंग्या, पेरणी, तारपा नाच असे सगळे कागदावर उतरवले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते देवाघरी गेले. २०१० नंतरच्या काळात त्याच गंजाडच्या शाळेत जपानी, भारतीय आणि वारली कलावंतांनी एकत्र येऊन वर्गखोल्यांच्या भिंती रंगवल्या. जे चित्र उचलून नेता येत नाही ते पाहायला बाहेरच्यांना गावात यावे लागते, हे त्यातले विशेष.

जिव्याबाबांच्या मोठेपणाविषयी शंका नाही. त्यांच्यामुळे जगाने वारल्यांकडे पाहिले. पण याच प्रवासाची दुसरी बाजूही आहे. जी कला सवाशिणींची होती, ती भिंतीवरून कागदावर आली तेव्हा नावे बहुतेक पुरुषांची झाली. पुढे तेच त्रिकोण कपांवर, पिशव्यांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर आले, तेव्हा कितीदा तर कोणाचेच नाव उरले नाही. चित्र सगळीकडे गेले आणि चित्र काढणारी मावशी गवत काढत राहिली. म्हणून आम्ही म्हणतो की नुसत्या पाहण्याने भागत नाही. चित्र पाहताना ते काढणारा माणूस दिसला नाही, तर ते पाहणेही एक प्रकारचे घेणेच ठरते.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. देवांचे काय? हा प्रश्न विचारणाऱ्या बांधवाची आम्ही चेष्टा करणार नाही. श्रद्धा जपण्याची काळजी त्यामागे आहे. ख्रिस्तसभेला हा प्रश्न नवा नाही. सन ६०० च्या सुमारास मार्सेय शहराचे बिशप सेरेनस यांनी लोक प्रतिमांची पूजा करतात म्हणून चर्चमधल्या प्रतिमा फोडून टाकल्या. पोप संत ग्रेगरी यांनी त्यांना पत्र लिहून समजावले. पूजा करू नये ही तुमची तळमळ योग्य, पण फोडायला नको होत्या, कारण ज्यांना अक्षर येत नाही ते चित्रातून वाचतात, असा त्या पत्राचा आशय होता. पाहणे वेगळे आणि पूजणे वेगळे, हा विवेक तेव्हापासून आपल्याकडे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये तर स्पष्टच शिकवले की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही.

तरीही चित्राने माणसे जोडली जाण्याऐवजी तुटू शकतात, हे मान्य केले पाहिजे. गोव्याचे आंजेलो द फोन्सेका यांचे उदाहरण घ्या. १९०२ मध्ये जन्मलेला हा ख्रिस्ती चित्रकार शांतिनिकेतनात शिकला. परत आल्यावर त्याने पवित्र मरियेला साडी नेसवली आणि येशूच्या जन्माला आपल्या मातीतली माणसे उभी केली. गोव्यातल्या अनेक ख्रिस्ती लोकांना ते सहन झाले नाही. फोन्सेका पुण्याला आले, तिथल्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात त्यांनी आसरा घेतला आणि चित्रे काढत राहिले. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. आज त्यांची चित्रे गोव्यातच, जेझुइट धर्मगुरूंच्या झेवियर संशोधन केंद्रात मानाने जपलेली आहेत. ज्या चित्रांनी लोक दुखावले, तीच चित्रे आज त्यांच्या नातवंडांना आपली वाटतात. चित्रे तीच आहेत. मधल्या काळात पाहणाऱ्यांची नजर बदलली. पण त्या बदलाची वाट पाहता पाहता चित्रकाराचे आयुष्य संपले.

मग आपल्या सभागृहात लग्नचौक लावायचा की नाही? आम्ही ठरवण्याआधी मावशीला विचारले. तिने जे सांगितले ते आम्हाला कोणत्याही ग्रंथात मिळाले नसते. चौक लग्नाचा असतो, लग्न नसताना लिहायचा नाही, असे ती म्हणाली. म्हणजे आपल्याला अडचण वाटत होती त्याच्या आधीच तिची स्वतःची मर्यादा ठरलेली होती! आपण आपल्या श्रद्धेची काळजी करत होतो. तिच्या श्रद्धेची तिला काळजी असेल, हे आपल्या मनातही आले नव्हते. आपल्या वेदीवरचा पवित्र प्याला कोणी दिवाणखान्यात शोभेला मांडला तर आपल्याला कसे वाटेल? तसेच तिचेही आहे. ती म्हणाली, "भात लावणी काढीन, तारपा काढीन. भिंत कुठली देताय?" कागदाचे तिने विचारलेही नाही.

आम्ही म्हटले, "मावशी, चित्राखाली तुमचे नाव मोठ्या अक्षरांत लिहू."

ती म्हणाली, "एकलीचं नका लिवू. आमी चौघी काढू."

पैशांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला इथेच सापडले. संत मार्कच्या शुभवर्तमानात बेथानी गावी एक स्त्री येशूच्या मस्तकावर मौल्यवान सुगंधी तेल ओतते, तो प्रसंग आठवा. तिथेही लोकांनी हाच हिशेब मांडला होता. हे तेल विकून गरिबांना पैसे देता आले असते. प्रभूने गरिबांना विसरा असे सांगितले नाही. त्याने तिची बाजू घेतली, कारण तिने जवळ होते ते दिले होते आणि तिच्या देण्याला कोणी मोल देत नव्हते. जिथे जिथे शुभवर्तमान सांगितले जाईल तिथे तिथे तिची आठवण निघेल, असे वचनही त्याने दिले. आणि गंमत पाहा, संत मार्कने तिचे नावच लिहून ठेवलेले नाही.

मुलांची फी भरलीच पाहिजे, ती भरत राहू. पण ज्याला आपण सदैव देतच राहतो, तो माणूस हळूहळू आपल्या नजरेत फक्त घेणारा होतो. त्याच्या हातात काही आहे, हे पाहायला आपण विसरतो. गरिबाला अन्न देणे हे दयेचे काम आहे. त्याच्याकडून काही घेणे, ते सुंदर आहे असे मोकळेपणाने म्हणणे आणि त्याचे ऋण मानणे, हे त्याहून अवघड काम आहे, कारण त्यात आपल्याला खाली बसावे लागते. आम्हाला स्वतःला ते गवत काढणाऱ्या बाईसमोर जमले नव्हते, हे आज या पानावर कबूल करतो.

आता त्या ज्येष्ठ सभासदांचा प्रश्न. प्रदर्शनाने गाव एकत्र येते का? आमचे प्रामाणिक उत्तर असे आहे: आपोआप येत नाही. दोन दिवसांच्या प्रदर्शनाने जमिनीचे वाद मिटणार नाहीत. रविवारी चित्राला वाहवा करून सोमवारी त्याच बाईच्या मजुरीत दहा रुपयांसाठी घासाघीस केली, तर प्रदर्शन भरवले नसते तरी चालले असते. पण दोन दिवस का होईना, या गावातली माणसे एकमेकांसमोर हिशेबाशिवाय उभी राहतील. कारखान्यातला साहेब, ओडिशाहून आलेला कामगार, वसईकडून इथे येऊन स्थायिक झालेले कुटुंब आणि पाड्यावरची मावशी एकाच भिंतीकडे पाहतील. त्या भिंतीसमोर समजावून सांगणारी मावशी असेल आणि ऐकणारे बाकीचे असतील. असे एकदा घडले की पुढच्या वेळी ती रस्त्यात दिसल्यावर आपण तिला "गवतवाली" म्हणणार नाही. एकत्र येण्याची सुरुवात एवढीच असते. बाकीचे सोमवारपासून आपल्याला करायचे आहे.

म्हणून पुढच्या सभेत आम्ही होकार देणार आहोत. त्यासोबत आमच्या चार विनंत्या आहेत. बक्षिसे ठेवू नयेत. नाताळच्या गोठ्यांच्या स्पर्धेनंतर कोण कोणाशी किती दिवस बोलत नाही, हे आम्ही पाहिले आहे. प्रत्येक चित्राशेजारी ते काढणाऱ्यांची नावे असावीत, चौघींचे असेल तर चौघींची. विक्री झाली तर किंमत काढणाऱ्याने ठरवावी, तिच्यात घासाघीस होऊ नये आणि पूर्ण रक्कम त्याच्या हातात जावी. आणि शक्यतो चित्र काढणारा तिथे हजर असावा. त्या दिवसाची त्याची मजुरी बुडणार असेल तर ती भरून देण्याची जबाबदारी आपली.

सभागृहाची रस्त्याकडची भिंत आम्ही मावशीला दाखवली आहे. तिने हात फिरवून पाहिला आणि सिमेंटवर तांदळाचे पाणी धरणार नाही, आधी गेरू आणि शेणमातीचा हात द्यावा लागेल, असे सांगितले. सारवण्यासाठी माणसे लागणार आहेत. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर ज्यांना जमेल त्यांनी जुने कपडे घालून थांबावे. आम्हीही थांबणार आहोत. सारवायचे कसे, हे मावशी शिकवणार आहे.

प्रभूचा आशीर्वाद आपणा सर्वांवर असो.

आपले धर्मगुरू